पाचवी पाकळी

ती फांदी नको. पूर्ण उमललीय,
घरी पोचेपर्यंत तिचं सरून जाईल.
ही मुक्या कळ्यांचीही नको.
लायलॅक एकदा झाडावरून उतरला
की उरलेल्या कळ्या उघडत नाहीत,
रुसून तशाच वाळतात.
अर्ध्याहून थोडी जास्त उघडलेली घे.
ही बघ. ही.

कुणासाठी, हे मी सगळ्यांना विचारते.
भोचकपणा नाही, त्यावर बांधणी ठरते.
नवरीला सैल, मेलेल्याला घट्ट,
आणि जिवंत माणसाला सम संख्या
रीगात कुणी देत नाही.

तू म्हणालास, वरच्या मजल्यावरच्या बाईंसाठी.
त्यांचं मांजर तुझ्या बाल्कनीत मेलं
आणि तू ते न सांगता पुरलंस.
(बाहीवर पीठ आहे तुझ्या. बेकरीतली रात्रपाळी ना?)
मग पाच फांद्या. जांभळ्याच.
पांढऱ्यात फार निर्दोषपणा असतो.

पानं काढून टाक. हो, सगळी.
पानं आधी पितात, फुलाला उरत नाही;
आमच्या घरी जेवणाची रीत हीच होती.
दांडा लाकडाचा, नुसता तिरपा कापून भागत नाही.
बुडाशी चीर दे, दोन बोटं खोल,
मग आडवी आणखी एक.
तू पावाच्या गोळ्यावर देतोस ना, तशी फुली.
कोमट पाणी, गळ्यापर्यंत, आणि अंधार.
न्हाणीघरात ठेव दोन तास, दार लोटून.
तेवढ्यात त्यांना काय सांगायचं ते ठरव.

भांडं जड हवं. काकड्यांची रिकामी बरणी चालेल.
याचं डोकं जड; हलकं भांडं रात्री उलथतं
आणि एकट्या माणसाला वाटतं, घरात कुणी आलं.
सफरचंदांशेजारी ठेवू नका म्हणावं.
पाणी रोज नवं.
चार दिवस. पाचवा मागायचा नाही.

वास फार उग्र नाही ना, विचारतोस,
त्यांचं डोकं दुखतं म्हणून.

मला नाही सांगता येणार.
तीन हिवाळे झाले. ताप आला,
जाताना वास घेऊन गेला.
शेजारच्या आउस्मालाही ठाऊक नाही.
आंधळ्याकडून चष्मा कोण विकत घेईल?
मी फांदी तुमच्या तोंडासमोर धरते
आणि तुमच्याकडे बघते, एवढंच.
डोळे मिटले, तर ताजी.
नुसतं हसू आलं, तर कालची.
परवा एक बाई किंमत न विचारताच रडली,
तिच्याकडून निम्मेच घेतले,
मग रात्री हिशोब लागेना.
तू अर्धं पाऊल मागे सरलास,
निजलेल्या पोराच्या खाटेपासून सरावं तसा.
तेव्हा उग्र नसावा. आहे तेवढा पुरे.

थांब, हलवू नकोस.
चार पाकळ्यांच्या या गर्दीत
हे बघ, पाचाचं एक.
शाळेच्या कुंपणापाशी तूही शोधलं असशील.
सापडलं की इच्छा धरून खायचं.
घे.
नाही? मग मी खाते.

कडू.

अजून कडू लागतं.
वास गेला तेव्हा कॉफी गेली,
आउस्माचं शेपूचं सूप गेलं,
नवऱ्याच्या कोटातला तंबाखू गेला,
कोट आहे.
हे एवढं जिभेवर राहिलंय.
मे महिन्यात असं एखादं सापडतं, खाते,
आणि इच्छा धरायची
दर वेळी विसरते.

सात युरो. पिशवीत पाव आहे का?
मग पाव आणि पाच.
कागद ओला आहे, पिठाला लावू नकोस.
आता नीघ. उजेड तर कधीचाच झालाय,
आमच्याकडे या दिवसांत रात्र नुसती नावाला.

आणि दार उघडलं की आधी मांजराचं सांग.
फुलं मागे धर, पाठीशी.
आधी फुलं दिलीस
तर त्यांना वाटेल, फुलं द्यायलाच आलास.